दर रविवारी एक प्रश्न

आधी ते खोकं परत घेऊन जा, मग बाकीचं बोलू. तुझ्या कुरिअरवाल्यानं ते दारातच टेकवलं, सही घेतली, वर ग्लासभर पाणी मागून प्यायला आणि गेला. तीन आठवडे झाले त्याला. तुझी पोरगी ते उघडत नाही, मला ते उचलत नाही, आणि माझ्या पायाची करंगळी त्यावर दोनदा आपटली. आयुष्यभर मापाचं शिवून मी तुला वाढवलं आणि माझ्याच घरात तू तयार माल पाठवतोस? तोही असला, की खोक्यावरच्या चित्रात बघावं तर पडद्याच्या पोटातच सगळं कोंबलेलं, आणि उसवायचं म्हटलं तर कुठे टाका सापडत नाही. पोरगी खोक्यावरचं वाचून म्हणाली, आजी, हा कम्प्युटर आपण उघडायचा नसतो, उघडला तर गॅरंटी जाते. मी म्हटलं, मग ही वस्तू कसली, हा तर पाहुणा झाला. याला नुसतं बसवून ठेवायचं.

प्रिय नाकतोड्या,

डोकं तापलं होतं म्हणून 'प्रिय' खाली आलं, बाकी काही नाही. शेहेचाळीस वर्षांचा झालास, मागच्या वेळी आलास तेव्हा पोटही सुटलेलं दिसलं, पण मला तू अजून तोच दिसतोस, ज्याच्या पायांना पँटचं कापड कधी पुरलं नाही. फोन असताना ही म्हातारी पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर तू 'हो आई, हो आई' करतोस आणि मला माझाच आवाज ऐकत बसावं लागतं. पत्रात तुला 'हो' म्हणता येत नाही. शिवाय फोन घरात एकाच जागी नीट लागतो, खिडकीपाशी, आणि तिथे पोरगी ऐकते. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून मी मापांच्या वहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, त्यामुळे अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे. ती कॉलेजात गेली की बसते. आजची तिसरी दुपार.

आमचं बरं चाललंय. माझा डावा डोळा आता शोभेपुरता राहिला आहे. शाळेचे गणवेश सोडले, नुसत्या उशांच्या खोळी आणि पडदे घेते. सरळ शिलाई असते, हातांना पाठ आहे. पण सुईत दोरा ओवायचं जमत नाही. हे मी कुणाला बोलले नव्हते. एक दिवस सकाळी उठून बघते तर मशीनच्या बाजूच्या गादीत दहा सुया टोचलेल्या, दहाही ओवलेल्या, पाच पांढऱ्या, पाच काळ्या. तेव्हापासून ती रोज कॉलेजला जायच्या आधी दहा सुया ओवून जाते. ना ती काही बोलली, ना मी. तुझी लेक आहे, बोलण्यात कंजूस. फक्त हाताचं काम करताना तोंड सुटतं, तेही तुझ्यासारखंच.

आता मुद्द्याचं. तुला वाटतं पोरीनं तुझ्याकडे कम्प्युटर मागितला. मागितला नाही. शांतपणे वाच.

तू आणि सुनेनं मिळून जोडलेला तो जुना कम्प्युटर गेल्या वर्षी एकदा शिंकल्यासारखा आवाज करून कायमचा बसला. पोरगी त्यावर हलती चित्रं करायची. मांजर खुर्चीवरून उडी मारतं, एवढंसं दाखवायला दोन डझन चित्रं काढते ती, आणि मांजर खाली पोचलं की स्वतःच हसते. मला वाटलं रडेल, आदळआपट करेल. तिनं तुझा जुना स्क्रूड्रायव्हर काढला, माझं कापायचं टेबल मोकळं करून घेतलं आणि तो डबा उघडला. मी बटणं निवडत बसले होते. वर बघते तर पोरीच्या ओठांत चार स्क्रू धरलेले. तुला आठवतंय? तू असेच तोंडात स्क्रू धरायचास आणि सून ओरडायची, अहो, गिळाल एखादा, मग तुम्हालाच उघडावं लागेल. पोरगी तेव्हा पाच वर्षांची होती, याच टेबलावर पाय हलवत बसलेली. तिला हे आठवत असेल असं मला वाटत नव्हतं. डोक्याला नाही तर ओठांना आठवलं असेल.

तर जुना दुरुस्त होण्यातला नव्हता. मग ती म्हणाली, आजी, मी नवा जोडणार. एकेक भाग निवडून. पैशाचं विचारू नकोस, ते आमचं आम्ही बघितलं. निवडायला मात्र तिनं मला बरोबर घेतलं. तुला हसू येईल, पण मला त्यातलं बरंचसं कळतं. मदरबोर्ड म्हणजे अस्तर. बाकीचं सगळं त्यावर बसतं आणि बाहेरून कुणाला दिसत नाही, म्हणून लोक तिथेच हात आखडतात. प्रोसेसर म्हणजे मशीनची मोटर. आणि पॉवर सप्लाय म्हणजे दोरा. कापड मखमलीचं घेतलंस आणि दोरा कुजका निघाला तर भर लग्नात पाठ उसवणार. हे सांगितल्यावर तिनं सगळ्यात आधी पॉवर सप्लाय निवडला. दुकानातला टकल्या चक्रावलाच. म्हणाला, बाळा, लोक आधी प्रोसेसर बघतात, मग कार्ड, हे डबडं तर शेवटी उरल्या पैशात घेतात. ती म्हणाली, मी लोक नाही.

त्या टकल्याचं दुकान कुलूपवाल्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना असा की माझे गुडघे पायरीपायरीला तुझा उद्धार करत होते. वर काचेचं लांबलचक काउंटर आणि छतापर्यंत खोकी. पहिल्या दिवशी त्यानं पोरीला विचारलं, भावासाठी घेतेस का? ती म्हणाली, आजीसाठी. मग तो मला रंगीत पंखे दाखवायला लागला. आजी, हे बघा, यात दिवे लागतात, सात रंगांचे. मी म्हटलं, दिवे आहेत आमच्या घरात, वारा लागतो का ते सांग. त्या दिवसापासून तो मला खुर्ची देतो.

एकदा मात्र त्याची जिरली, ते तुला सांगितलंच पाहिजे. चित्रांसाठी लागतं ते ग्राफिक्स कार्ड पोरीनं ठरवलं, मोठं, विटेएवढं जाड. आणि कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, तो छोटा निवडला, कारण टेबलावर माझ्या कापडाला जागा राहायला हवी. टकल्या म्हणाला, बसतंय की, डोळे झाकून घ्या. डोळे झाकून मी आजवर रुमालसुद्धा कापलेला नाही. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, मापं सांग. तिनं मोबाइलवरून एकेका भागाची लांबी-रुंदी वाचली आणि मी खाकी कागद कापला, कोटाचा कापते तसा. बोर्डाचा एक, कार्डाचा एक, पॉवर सप्लायचा एक, पंख्याचे तीन. डब्याच्या आतल्या मापाचा खडूनं टेबलावर चौकोन आखला आणि सगळे कागद त्यात मांडले. कार्डाचा कागद पुढच्या पंख्यावर चांगला बोटभर चढला. पोरीनं तो कागद उचलून पुन्हा मापून बघितला. मग म्हणाली, आजी, हे तर लाखो लोक कम्प्युटरवर करतात. मी म्हटलं, कम्प्युटर नाही म्हणूनच तर आपण हे करतोय ना. दुसऱ्या दिवशी ते सगळे कागद पिशवीत घालून आम्ही दुकानात. टकल्यानं टेप काढली, मोजलं, पुन्हा मोजलं, आणि टेप गुंडाळत म्हणाला, आजी, दुकानात कामाला येता का?

मग मोठा डबा घेतला. माझं कापड आता खाटेवर असतं. असू दे.

मीही एक घोळ घातलाच. मोठा डबा बघून मला वाटलं, धूळ बसणार, म्हणून पडद्याच्या उरलेल्या कापडाचं छान झाकण शिवलं, चारही कोपरे मापात, खाली नाडी. मशीन अजून जोडलंही नव्हतं आणि त्याचा अंगरखा तयार. पोरीनं झाकण घातलं, मागे सरकून बघितलं आणि पोट धरून हसली. म्हणाली, आजी, याला श्वास घ्यायचा असतो, तू तर याला गाठोड्यात बांधलंस. तीन वर्षांत ती एवढी हसलेली मी ऐकली नव्हती. म्हणून झाकण उसवलं नाही, तसंच ठेवलंय.

तीन वर्षं म्हणते मी, तुलाही मोजता येतात. सून गेल्यावर नऊ महिन्यांनी तू त्या बंदरावर क्रेनच्या कामाला गेलास. मी अडवलं नव्हतं. या घरात तू भिंतीकडे बघत बसायचास, जेवायला हाक मारली तर तिसऱ्या हाकेला यायचास. माणसानं कामात असावं, असं मीच म्हटलं होतं. तू वर्षातून एकदा दोन दिवस येतोस आणि दर रविवारी अकराला फोन करतोस. पाच मिनिटं. पोरगी साडेदहालाच केस विंचरून खिडकीपाशी उभी राहते. फोनमध्ये केस दिसत नाहीत, मी सांगून बघितलं.

हे भाग निवडणं सुरू झालं तेव्हापासून तिनं तुला दर रविवारी एक प्रश्न विचारला. एकच. पहिल्या रविवारी विचारलं, बाबा, प्रोसेसर सहा कोअरचा घेऊ की आठ? तू म्हणालास, जो चांगला असेल तो घे. पुढच्या रविवारी विचारलं, पॉवर सप्लाय किती वॅटचा लागेल? तू म्हणालास, दुकानदाराला विचार, त्याला जास्त कळतं. त्याच्या पुढच्या रविवारी, रॅमची एक मोठी पट्टी बरी की दोन लहान? तू म्हणालास, बघू गं, पुढच्या वेळी सांगतो. सांगितलं नाहीस. मी बाजूलाच होते, तुझा आवाज फोनमधून भिंतीपर्यंत येतो. आणि मग तू मला म्हणालास, आई, तिच्या डोक्याला ताप नको, अभ्यासाचं वर्ष आहे, मी एकदाचा चांगला तयार पाठवतो. पाठवलास. तुझ्या मनात वाईट नव्हतं, एवढं मला कळतं.

पण ऐक. रॅमचा प्रश्न तिनं रविवारी विचारला, आणि रॅम आम्ही शनिवारी आणली होती. दोन लहान पट्ट्या. मी स्वतः पिशवीतून आणली, कपाटात मधल्या फळीवर ठेवली. आधी मला वाटलं पोरगी विसरली. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, अगं ए, घेतलेल्या वस्तूचं काय विचारतेस बापाला? तेव्हा माझ्या लक्षात आलं की पॉवर सप्लायही विचारायच्या आधीच घेतलेला होता आणि प्रोसेसरही ठरलेला होता. तिला सगळं माहीत होतं. किती वॅट, किती कोअर, का, कशासाठी, वहीत लिहिलेलं आहे. मी म्हटलं, मग विचारतेस कशाला? ती केस बांधत होती. म्हणाली, आजी, दुसरं काय विचारू?

मी उठून उगीच कापड मोजायला लागले.

आता सगळे भाग आलेत. आठ खोकी कपाटात आहेत, एकावर एक, धुळीचा कण नाही. महिना होत आला, जोडत नाही. आधी म्हणाली परीक्षा आहे. परीक्षा झाली. मग म्हणाली उजेड कमी आहे. मी टेबल खिडकीत सरकवून दिलं. मग म्हणाली, घाई काय आहे. दुकानदारानं बजावलंय की एखादा भाग खराब निघाला तर महिनाअखेरपर्यंतच बदलून मिळेल, म्हणजे घाई आहे. तिला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण मशीन जोडून झालं, चालू झालं, की रविवारी तुला विचारायला तिच्याकडे काही उरत नाही. हे तिनं मला सांगितलेलं नाही. माझा एक डोळा गेलाय, दोन्ही नाही.

तुझं खोकं आलं त्या रविवारी ती फोनवर म्हणाली, थँक्यू बाबा, खूप छान आहे. मिनिटभरात फोन ठेवला. पुढच्या रविवारी डोकं दुखतंय म्हणाली. आणि गेल्या रविवारी मी तुला सांगितलं की ती मैत्रिणीकडे गेलीय. खोटं. ती आत खुर्चीत बसली होती, केस न विंचरता, आणि हातानं मला खुणावत होती, नाही म्हण, नाही म्हण. तू म्हणालास, बरं, मजेत आहे ना, मग ठीक. आणि ठेवलास. ठेवताना तुझा आवाज हलका झाल्यासारखा वाटला. मला तो आवडला नाही, पण त्याचा दोष तुला देता येत नाही. का, तेच लिहायला मी तीन दुपारी घालवल्यात.

तू गेलास त्याच्या तिसऱ्या आठवड्यात पोरगी फोनवर रडली होती. बाबा परत ये, एवढंच पुन्हा पुन्हा. दुसऱ्या दिवशी तुझ्या मुकादमाचा मला फोन आला. म्हणाला, मावशी, तुमचा मुलगा पट्टा न अडकवता वर चढला, मधल्या शिडीवर पाय सटकला, हातानं दांडा धरला म्हणून वाचला, घरी काही झालंय का? तुला वाटतं मला हे माहीत नाही. माहीत आहे. त्या दुपारी मी तुझ्या चौदा वर्षांच्या लेकीला समोर बसवलं आणि सांगितलं की बाबा उंचावर काम करतो, त्याच्यापाशी रडायचं नाही, आईचं नाव काढायचं नाही, पाच मिनिटांत ठेवायचं, आणि कशी आहेस विचारलं तर मस्त म्हणायचं. तिनं मान हलवली. तेव्हापासून एकदाही मोडलेलं नाही. मी सून घालवली होती, मुलगा घालवायचा नव्हता, म्हणून पोरीचं तोंड शिवलं. शिलाई माझी, त्यामुळे पक्की निघाली. आणि तू तिकडे समजत राहिलास की पोरगी सावरली, तिला तुझी गरज नाही. मापात चुकले मी. आजवर कुणाचं कापड बिघडवलं तर मी भरून दिलंय, पण हे भरून द्यायला माझ्याकडे काही नाही, म्हणून तुला लिहितेय. तर आता असं करायचं. मला पत्राचं उत्तर पाठवायचं नाही, फोनवर मला आई, असं कसं केलंस, हेही विचारायचं नाही. रविवारची वाट न बघता, खाली उतरलेला असशील, जमिनीवर नीट बसलेला असशील, तेव्हा तिला फोन कर. तिच्या आईबद्दल बोल. ती काय म्हणायची, कशावर चिडायची, तुला काय काय आठवतं ते आधी तू सांग. मग तिला विचार, तुला काय आठवतं. ती मस्त म्हणेल, बाबा मी ठेवते म्हणेल, तू ठेवू द्यायचं नाहीस. गप्प बसली तर तूही गप्प बस, पण फोन कानाला धरून. मी खालच्या मजल्यावर पडदे पोचवायला जाईन आणि लवकर वर येणार नाही. यापुढे प्रश्न तू विचारायचे, आणि उत्तर तिनं द्यायचं, तिच्या तोंडानं, तिला हवा तेवढा वेळ घेऊन.

तुझीच,
तोंडाळ आई